सेजब्रशच्या वर नळी: एका ट्रायपॉडच्या निवडीचं प्रकरण

गोळी कुठे गेली ते आम्हाला एका काडीने सांगितलं.

मेव्हणा पालथा झोपून नेम धरून होता. सव्वादोनशे यार्डांवर प्रॉन्गहॉर्नची, म्हणजे इथल्या हरणासारख्या दिसणाऱ्या जनावराची, मादी आडवी उभी, वारा असून नसल्यासारखा. बार झाला, कळपाने माना वर केल्या आणि धूळ उडवत टेकडीपलीकडे गेला. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. "दाजी, क्रॉसहेअर बरोबर खांद्यामागे होता हो. शपथेवर सांगतो." (क्रॉसहेअर म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतली, स्कोपमधली, नेमाची फुली.) खोटं बोलत नव्हता. जनावर जखमी होऊन कुठे पडलंय का, ते पाहायला आम्ही निघालो, आणि नळीपासून जेमतेम तीन मीटरवर सेजब्रशची पेन्सिलीएवढी फांदी ताजी तुटलेली दिसली. आतलं लाकूड पांढरंफेक, आणि त्या झुडपाचा तो कापराच्या जातीचा कडवट वास. पुढे तासभर शोधलं. रक्त नाही, केस नाहीत. गोळी काडीला लागून भलतीकडे गेली होती.

आता यात त्याची चूक काय? स्कोप नळीच्या वर साधारण चार-पाच सेंटीमीटरवर बसलेला असतो. डोळा स्कोपमधून झुडपाच्या शेंड्यावरून पाहतो, गोळी मात्र खालच्या नळीतून निघते. स्कोपमध्ये समोरचं सगळं स्वच्छ दिसतं आणि नळीपुढे फांदी आडवी असते. एवढ्या जवळची फांदी स्कोपमध्ये दिसलीच तर पुसट धुरासारखी दिसते, तिच्याकडे लक्ष जात नाही. रायफलला पुढे बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू, होता, सहा ते नऊ इंचांचा, सपाट गवतावर उत्तम. सेजब्रश गुडघाभर, कुठे कुठे मांडीपर्यंत. त्या माळावर पालथं झोपून मारायची जागा शोधणं म्हणजे उसात सायकल चालवायला जागा शोधण्यासारखं.

हे सगळं अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, मेडिसिन बोच्या उत्तरेला शर्ली बेसिन म्हणतात त्या भागात. आम्ही राहतो कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला. २८७ नंबरच्या रस्त्याने लॅरमी गाठायचं, तिथून पुढे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वरचा उघडा माळ, झाड म्हणून दिसत नाही. प्रॉन्गहॉर्नला इथले लोक अँटिलोप म्हणतात. खरं तर हे हरीण नव्हे आणि आपल्या काळविटाच्या कुळातलंही नव्हे, स्वतःच्या कुळातलं उरलेलं एकटंच. नजर अशी की माणसाला ते दिसायच्या आधी त्याला माणूस दिसलेला असतो.

मेव्हणा एच-वन-बीवर आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, कारण हा प्रश्न आमच्या ओळखीत फार जण विचारतात. अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतला वैध शिकार परवाना. म्हणून त्याने आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, परवाना काढला, वकिलाला विचारलं आणि मगच माझ्या रायफलला हात लावला. हा क्रम उलटा करणाऱ्याला मी ओळखत नाही आणि ओळखायची इच्छाही नाही.

गावाकडे हे सांगितलं की दोन प्रश्न येतात. पहिला, शिकार चालते का? तिथे चालते: लॉटरीने टॅग निघतो, एका टॅगवर एक जनावर, भाग आणि हंगाम ठरलेला. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी तो विषय संपला, ते बरंच झालं. दुसरा प्रश्न सासऱ्यांचा. त्यांनी २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं पॅरिसमधलं कांस्य टीव्हीवर पाहिलं होतं. "त्या पोरानं उभ्यानं मारलं की रे. तुम्हाला काठ्या कशाला लागतात?" प्रश्न रास्त आहे. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारावं लागतं आणि रायफलखाली ट्रायपॉड चालतच नाही. पण तिथे चुकलेली गोळी लक्ष्याच्या फलकावर पडते, गुण कमी होतात. इथे चुकलेली गोळी पोटात लागली तर जनावर मैलभर जाऊन रात्रभरात मरतं. आणि कुसाळेच्या मागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे, आमच्या मागे शनिवार-रविवार.

तर प्रश्न असा होता: गुडघाभर झुडपाच्या वर नळी काढायची आहे, बसून किंवा गुडघ्यावरून मारायचं आहे, दिवसभर सात-आठ मैल चालायचं आहे, खिशात सहाशे डॉलर आहेत. कुठला ट्रायपॉड?

पहिली खरेदी, म्हणजे पहिली चूक

त्याने मला न विचारता कॅमेऱ्याचा एक स्वस्त ट्रायपॉड मागवला आणि त्यावर इंग्रजी व्ही आकाराची रबरी खोबण बसवली. वजनाला हलका, मधली दांडी वर-खाली होणारी, खोक्यावर ठळक अक्षरांत "भार क्षमता १५ किलो". रायफल स्कोपसकट सव्वाचार किलोची. म्हणजे हिशेबाने तिपटीहून जास्त ऐसपैस.

नेमबाजीच्या रेंजवर नेऊन बसवला. चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं, तिच्यामागचा बोल्ट काढून बाजूला ठेवलेला, आणि फक्त स्कोपमधून शंभर यार्डांवरच्या कागदाकडे बघायचं. कागदावर एक-एक इंचाच्या चौकटी होत्या. क्रॉसहेअर चार चौकटींमध्ये भिंगरीसारखा फिरत होता. शंभर यार्डांवर एक इंच म्हणजे ढोबळमानाने एक एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग), तर ही चार एमओए डगमग. सव्वादोनशे यार्डांवर त्याचे साधारण चोवीस सेंटीमीटर होतात. प्रॉन्गहॉर्नच्या छातीत जिथे गोळी लागली की जनावर थोड्याच अंतरात पडतं, तो भाग वीसेक सेंटीमीटरचा.

आता ते १५ किलोचं काय? माझं काम यंत्रांचं आहे, त्यामुळे हे पाहून मला राग कमी आणि हसू जास्त आलं. भार क्षमता सांगते की एवढं वजन वरून ठेवलं तर पाय मोडणार नाहीत किंवा कुलपं घसरणार नाहीत. ती मोजायची सर्वांना लागू अशी पद्धतही नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने छापते. आपल्याला हवा असतो तो पिळाला होणारा विरोध. रायफल काही पाट्यावरच्या वरवंट्यासारखी निपचित पडलेली नसते. माणूस तिला खांद्याने ढकलतो, श्वास घेतो, गालाने दाबतो. त्या प्रत्येक दाबाला ट्रायपॉड किती वळतो, एवढंच महत्त्वाचं.

वळणं ठरतं नळकांडीच्या जाडीवर, आणि ते फार झपाट्याने बदलतं. भिंतीची जाडी आणि साहित्य तेच धरलं, तर पायाचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २५ मिलिमीटरच्या जागी ३६ मिलिमीटर घेतला तर जवळजवळ तिप्पट. त्यातही सगळ्यात वरचं जाड नळकांडं दाखवून विकणारे विकतात, पण वळतं ते सगळ्यात खालचं, बारीक. आणि मधली दांडी वर काढली की तीन पायांच्या डोक्यावर एकपायी काठी उभी केल्यासारखं होतं. त्याच्या ट्रायपॉडची ती दांडी वीत-दीड वीत वर होती. ती पूर्ण खाली बसवली तेव्हा डगमग चारावरून अडीचवर आली. पैसे न खर्चता झालेली ही आमची सगळ्यात मोठी सुधारणा.

उंची आधी, बाकी मागून

दुकानात गेलं की लोक वजन आणि किंमत विचारतात. मी मेव्हण्याला आधी घरच्या बैठकीत फरशीवर बसवलं. पाय फाकवून, गुडघे वर, जसं माळावर बसणार तसं. हातात रिकामी रायफल, आणि नळीखालच्या पुढच्या अंगापासून जमिनीपर्यंत टेप लावला: ७२ सेंटीमीटर. गुडघ्यावर: ९८. उभं राहून: १३८. त्याची उंची पाच फूट सहा इंच. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "शिंप्याकडे आलाय का?" तेच खरं होतं. सहा फुटी अमेरिकन माणसासाठी लिहिलेले सल्ले वाचून आपण उंच, चार कप्प्यांचा (पायाला एकात एक सरकणारी चार नळकांडी असलेला) ट्रायपॉड घेतो आणि तो अर्धाच उघडून वापरतो.

उतारावर पुढचा पाय जास्त लांबवावा लागतो, त्यासाठी वीसेक सेंटीमीटर राखून ठेवायचे. वर हेडची, म्हणजे रायफल धरणाऱ्या डोक्याची, उंची दहा सेंटीमीटर. हिशेब केला तर तीन कप्प्यांचा, साधारण १४० सेंटीमीटरपर्यंत जाणारा ट्रायपॉड त्याला उभ्यानेही सपाटीवर पुरत होता, आणि बसून मारताना सगळ्यात खालचं बारीक नळकांडं बाहेर काढायचीच गरज नव्हती. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या उंचीवर आपण खरंच मारणार, त्या उंचीवर फक्त जाड नळकांडी उघडी असावीत. चार कप्प्यांचा ट्रायपॉड घडी केल्यावर आखूड होतो, बॅगेत सुटसुटीत बसतो, पण त्यात प्रत्येक पायाला एक सांधा जास्त आणि खालचं नळकांडं २२ मिलिमीटरपर्यंत उतरतं.

उभ्याने मारायचा विचार आम्ही कागदावरूनच काढून टाकला. त्याला ते आवडलं नाही. "आता घेतोयच तर दाजी, सगळं जमणारा घेऊ की." मी म्हटलं, तीनशे यार्डांवर उभ्याने मारायला तू तयार होशील तेव्हा दुसरा घेऊ.

पुढची गोष्ट त्याला शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने सांगितली, मी नव्हे. त्याच्याकडे रियली राइट स्टफ कंपनीचा ट्रायपॉड आहे, हजार डॉलरच्या वरचा, रंग उडालेला. तो म्हणाला, दिवसभरात रायफल ह्यावर किती वेळ असते? एक मिनिट. बाकी सगळा वेळ ह्यावर दुर्बीण असते. हे अगदी खरं. माळावर जनावर शोधायचं म्हणजे टेकडीच्या आडोशाला बसून तासन्‌तास दुर्बिणीतून एकेक पट्टा विंचरायचा. हातातल्या दुर्बिणीत न दिसणारा कान ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीत दिसतो. म्हणजे आपण जे घेतोय ते मुख्यतः दुर्बिणीचं स्टँड आहे आणि त्यावर मिनिटभर रायफल बसवायची आहे. या एका वाक्याने आमची अर्धी यादी गळाली.

यादीतून काय गळलं

पहिला गळला तो जबड्याचा ट्रायपॉड. रबरी जबडा रायफलीचं पुढचं लाकूड घट्ट धरतो, रायफलीला काहीही जोडावं लागत नाही, किंमत दोनशेच्या आसपास. मचाणावर किंवा एका जागी बसून वाट पाहणाऱ्याला मी हाच सुचवीन, विशेषतः पोराला शिकवताना. पण जबडा वजनाने जड, तेही सगळं वर, आणि त्यावर दुर्बीण बसवायची तर खटपट.

दुसऱ्या, चाप दाबला की पाय लांबणाऱ्या काठ्या. झटकन उंची मिळते हे खरं. दीडशे यार्डांच्या आत, दाट झाडीत त्या चांगल्या. वर नुसती खोबण असते, रायफल पुढे-मागे सरकते, मागचं टोक हवेत.

उरला तो कार्बन फायबरचा, मधली दांडी नसलेला, वर आर्का पद्धतीचा क्लॅम्प असलेलं बॉल हेड, म्हणजे चेंडूसारख्या सांध्यावर चहूकडे फिरणारं हेड. आर्का हे नाव आर्का-स्विस या कॅमेऱ्याचे हेड बनवणाऱ्या कंपनीवरून पडलं. साधारण ३८ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडा तिरप्या कापलेली पट्टी रायफलखाली बसवायची आणि तशीच छोटी पट्टी दुर्बिणीखाली. क्लॅम्प सैल केला, एक काढली, दुसरी सरकवली, दहा सेकंद. एक गोम आहे: सगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या केसभर वेगळ्या असतात. खटक्याचा क्लॅम्प एका पट्टीला घट्ट बसतो आणि दुसरीला सैल पडतो. म्हणून आम्ही स्क्रू फिरवून आवळायचा क्लॅम्प घेतला. दोन सेकंद जास्त जातात, पण धाकधूक राहत नाही.

अॅल्युमिनियम का नाही, तर वजनाचा फरक फार नव्हता. पण ऑक्टोबरच्या पहाटे वायोमिंगमध्ये उघड्या हाताने धातूची नळकांडी धरून बघा.

शेवटी घेतला तो ३२ मिलिमीटरचा, तीन कप्प्यांचा (३२, २८, २५), हेडसकट सव्वादोन किलोचा. पावणेपाचशे डॉलर. उरलेल्यात दोन्ही पट्ट्या आणि पायांना लावायचे लोखंडी टोकदार स्पाइक आले. माळाची माती वाळून कडक झालेली असते, तिच्यावर रबर सरकतं.

पट्टी बसवताना

इथे रविवार गेला. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, फॅक्टरीचं साधं प्लॅस्टिकचं पुढचं अंग. पट्टी दोन स्क्रूंनी खालून आवळली, रेंजवर गेलो, आणि तीन गोळ्या नेहमीपेक्षा दोन इंच वर लागल्या. घरी येऊन डॉलरची नोट नळी आणि प्लॅस्टिकच्या मधल्या फटीतून ओढत नेली. एरवी ती चेंबरपर्यंत सरसर जाते. आता पट्टीच्या पुढच्या स्क्रूपाशी अडली. स्क्रू लांब होता, त्याचं टोक आतून नळीला टेकत होतं. कानशीने दीड मिलिमीटर घासला, नोट पुन्हा मोकळी फिरली, गोळ्या जागेवर आल्या. नळी मोकळी असलेल्या कुठल्याही रायफलीला काहीही जोडलं की ही नोट फिरवून बघावी, आणि नेम टेबलावर लावलेला असला तरी ट्रायपॉडवरून एकदा कागदावर तपासावा.

दुसरं, तोल. पट्टी लांब असते ती मिरवायला नव्हे. रायफल जिथे बोटावर तोलली जाते तिथेच क्लॅम्प आला पाहिजे. सव्वाचार किलोची रायफल तोलाच्या जागेपासून बारा सेंटीमीटर पुढे धरली तर हेडवर सतत पाच न्यूटन-मीटरचा पीळ राहतो, आणि हात काढला की नळी आकाशाकडे जाते. तोलावर धरली की बॉल अर्धवट सैल ठेवूनही ती आहे तिथे राहते. मेव्हण्याने तोलाच्या जागी पांढऱ्या पेनने रेघ मारून ठेवली.

सराव, आणि मागचा आधार

नव्या ट्रायपॉडवर बसून तीच चौकटींची चाचणी केली. दीड एमओए. मला वाटलं होतं याहून कमी येईल. पाहिलं तर पुढचं टोक ठाम, डगमग सगळी मागून येत होती, दस्त्यापासून. ट्रायपॉड रायफलला एकाच ठिकाणी धरतो, दुसरं टोक आपल्या खांद्यावर, आणि खांदा श्वासाबरोबर हलतो. मग पाठीवरची बॅग पोट आणि मांड्यांच्या मध्ये उभी घेतली आणि दस्ता तिच्यावर टेकवला, उजवं कोपर गुडघ्याच्या आत. क्रॉसहेअर एका चौकटीच्या आत येऊन बसला. हजार डॉलरच्या ट्रायपॉडनेही या बॅगेचं काम केलं नसतं.

पायांची मांडणी आम्ही अशी ठरवली: एक पाय जनावराकडे, दोन आपल्या दोन्ही बाजूंना. पुढे थोडं अंग टाकलं की तो पुढचा पाय ते सरळ पेलतो, आणि बसणाऱ्याच्या मांड्यांना मध्ये जागा राहते. स्कोप अठरा पटींवरून दहा पटींवर आणला. मोठं करून पाहिलं की डगमगही मोठी दिसते, माणूस घाबरून चाप ओढतो. बार झाल्यावर गोळी कुठे लागली तेही दिसत नाही.

पहिल्यांदा दुर्बीण काढून रायफल बसवून नेम धरेपर्यंत ७० सेकंद लागले. सप्टेंबरभर रोज संध्याकाळी, रिकामी रायफल, तळघरात. घड्याळ लावून त्याची बहीण बसायची, म्हणजे माझी बायको. शेवटी ३० च्या आत आला. नियम दोनच आणि त्यातला एकही मोडला तर मी घरी पाठवणार होतो: ट्रायपॉडवर रायफल असताना ती हाताविना सोडायची नाही, आणि गोळी चेंबरमध्ये जाणार ती नेम धरून बसल्यावरच. त्या माळावरचा वारा तीन पायांचीही भीड ठेवत नाही.

दुसरं वर्ष

टॅग पुन्हा मादीचा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीत सात जनावरं दिसली, मैलभर लांब. दीड तास ओहोळातून वाकत गेलो. वर आलो तेव्हा वारा डावीकडून होता आणि मधे तेच ते सेजब्रश, गुडघ्यापर्यंत. तो बसला. पाय उघडले, वरचाच कप्पा आणि मधल्यातला थोडा. रायफल पांढऱ्या रेघेवर. बॅग पोटाशी. मी अंतर मोजायचा रेंजफाइंडर लावला: २१२ यार्ड.

मग त्याने जे केलं ते मी शिकवलं नव्हतं. मान बाजूला करून स्कोप सोडला आणि नुसत्या डोळ्याने नळीच्या रेषेत समोर पाहिलं. एक शेंडा आडवा होता. उठला नाही, पुढचा पाय चार बोटं लांबवला आणि पुन्हा गाल टेकवला.

मादी चाळीसेक पावलं पळाली आणि बसली. आम्ही पोचलो तेव्हा संपलेली होती. मांस लगेच गार केलं नाही तर त्याला उग्र वास धरतो, म्हणून पुढचे दोन तास बोलायला फुरसत नव्हती. आठवड्याने बायकोने त्याचा तांबडा रस्सा केला आणि सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर वाटी दाखवली.

तक्रार एक आहे. पायांची पिळून आवळायची कुलपं त्या बारीक धुळीने करकरायला लागली, ती प्रत्येक हंगामानंतर खोलून धुवावी लागतात. आणि तो पहिला, भार क्षमता १५ किलोवाला ट्रायपॉड आमच्याकडेच आहे. गणपतीत त्यावर फोन लावून सांगलीला आरती दाखवतो. मधली दांडी पूर्ण वर काढून.